खाऱ्या पाण्यातले पाहुणे

सोलापुरात समुद्र आणायचं वेड महानंदाच्या डोक्यात शिरलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, आणि समुद्राकडे जायची तिची वाट बंद झालेली होती.

ती मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मुंबईच्या एका सरांकडे तिनं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय तिनं हट्टानं स्वतःच निवडलेला: रत्नागिरीच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात झुपक्यांनी वाढणारे, प्रवाळांच्या नात्यातले बारके जीव. सदऱ्याच्या बटणाएवढं एकेकाचं तोंड आणि भोवती हिरवट-तपकिरी पाकळ्यांची झालर. कॉलेजातल्या मुली त्यांना बटणफुलं म्हणायच्या. या जिवांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि ज्याच्या घरात राहतं त्याला त्यातला वाटा देतं. हा वाटा किती आणि कसा, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी किनाऱ्यावर निदान वर्षभर तरी मुक्काम करायला हवा होता. आणि नेमकं तेव्हाच अप्पांचं डोकं विसरायला लागलं.

अप्पा म्हणजे तिचे वडील, शिवलिंगप्पा. चाटी गल्लीत त्यांची सुताची पेढी होती. पेढीवर आलेला माणूस, मग तो अक्कलकोटचा जुना गिऱ्हाईक असो की गाठोडी उचलणारा हमाल, जेवल्याशिवाय कधी परत गेला नाही. ‘ऊट आतेनु?’ जेवण झालं का, हाच त्यांचा कानडी नमस्कार. बायको गेली, पेढी विकली, आणि मग हळूहळू अशी अवस्था आली की सकाळचं दुपारी आठवेना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, चालायचंच. दुपारी महानंदा कॉलेजात असली की अप्पा घरातून निसटत, चाटी गल्लीत जाऊन दुसऱ्याच्या झालेल्या पेढीच्या पायरीवर बसत आणि ‘कुलूप कुणी काढलं?’ म्हणून नव्या मालकाशी भांडत. लोक ओळखीचे होते, धरून आणून सोडत. जेवायला बसवलं की भाकरी मोडून ताटाच्या कडेला ठेवत. ‘माणसं यायचीत. ती जेवल्याबिगर मी कसा जेवू?’ माणसं काही येत नसत, आणि ताट तसंच उचलावं लागे. सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

दिवसा त्यांच्याजवळ राहायला महानंदानं मंद्रूपची रंभाबाई ठेवली होती. ती प्रेमळ होती, पण तिला घरकामही असे आणि अप्पांचा पाय मोठा चपळ. धाकटा भाऊ भीमाशंकर कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, तीन पोरं. ‘अक्का, तू म्हणशील तेव्हा नेतो अप्पांना,’ असं तो दर वेळी म्हणायचा. तिनं कधी म्हटलं नव्हतं.

मग डिपार्टमेंटला येणाऱ्या एका परदेशी मासिकात तिनं एक लेख वाचला. पूर्वेकडच्या बेटांवरचा कुणी एक माणूस समुद्रातले जिवंत दगडच उचलून घरातल्या काचेच्या टाकीत ठेवत होता. मोठी यंत्रं नाहीत, काही नाही. हवेचे बुडबुडे आणि उजेड, बस्स. दगडातले जीवच पाणी स्वच्छ राखतात, असं त्यात म्हटलं होतं. तो लेख तिनं किती वेळा वाचला कोण जाणे. आपल्याला समुद्राकडे जाता येत नाही ना, मग त्याचा हंडाभर तुकडा इकडे आणू.

डिसेंबरात मुलींची सहल रत्नागिरीला निघाली. तेवढ्यापुरता भीमाशंकर रजा घेऊन सोलापुरात येऊन राहिला. परतताना एसटीच्या मागच्या बाकांवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड होते, खाली काचेच्या मोठमोठ्या बुधल्यांत समुद्राचं पाणी होतं आणि ते घाटात डचमळलं की मुली किंचाळत होत्या. दगडांवर बटणफुलांचे झुपके, एक जांभळं समुद्रफूल, शंखात राहणारा एक खेकडा. आणि डबक्यात पकडलेले दोन पट्टेरी मासे, बोटाच्या पेराएवढे.

टाकी तिनं आधीच करून घेतली होती. लोखंडी अँगलची चौकट, गंजू नये म्हणून तिला डांबरी रंग, काचा पुट्टीनं बसवलेल्या. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी ती ठेवली. हवेचा पंप मुंबईहून मागवलेला, तो दिवसभर घरघरायचा. पाणी निवळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पहिली बटणफुलं उघडली, तेव्हा महानंदा साडीचा पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. इतकं सुंदर काही या घरात आजवर आलं नव्हतं.

अप्पा स्टूल ओढून टाकीसमोर बसले. पट्टेरी मासे काचेशी आले.

“इवु यारु?” त्यांनी विचारलं. हे कोण?

ती आनंदात होती. हसून म्हणाली, “पाहुणे आहेत, अप्पा. रत्नागिरीहून आलेत.”

अप्पांनी मान डोलावली. त्या दिवशी ते कुठं गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आली, सगळं गाव रस्त्यावर लोटलं, आणि अप्पा मात्र स्टुलावर. रंभाबाई म्हणाली, “बाई, म्हाताऱ्याचं पाय बांदलं बगा तुमच्या माशांनी.” जेवायलाही लागले. महिन्याभरात गालांवर थोडं मांस दिसायला लागलं. वाहत्या पाण्याकडे बघून मन शांत होतं असं महानंदानं कुठंतरी वाचलं होतं. तिनं त्याला ते कारण लावून टाकलं. सरांना तिनं कळवलं की जनावरं जगली आहेत, कामाला सुरुवात करते. सरांचा निरोप आला की एप्रिलअखेर ते हैदराबादला जाणार आहेत. वाटेत सोलापूरला उतरतील, टाकी स्वतः बघतील, आणि पटलं तर किनाऱ्यावरच्या मुक्कामाची अट काढायला विद्यापीठाला सांगतील.

शेवाळ आलं ते फेब्रुवारीत.

पहिल्यांदा काचेवर तपकिरी साय धरली. बोट फिरवलं की निघायची, संध्याकाळपर्यंत परत यायची. नव्या टाकीत असं होतंच, असं लेखात होतं, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मग ती साय गेली आणि दगडांवर हिरवी लव आली. लव वाढून केस झाले. बुडबुड्यांच्या हेलकाव्यानं ते केस डुलायचे, आणि खालची बटणफुलं त्यात गुदमरून तोंडं मिटून बसायची. महानंदा कॉलेजला जायच्या आधी बाह्या वर सारून बसे, चिमट्यानं केस उपटे, दात घासायच्या ब्रशला गुंडाळून ओढून काढे. तांब्याभर हिरवा लगदा निघे. हाताची कातडी मिठानं फुटली. चार दिवसांत पुन्हा तेच.

मग तिनं कारणं शोधायला घेतली. शिकलेली बाई, शास्त्र शिकवणारी. कारणाशिवाय काही होत नाही हे ती वर्गात रोज सांगायची. ऊन जास्त होत असेल म्हणून खिडकीला काळा कागद लावला. शेवाळ हटलं नाही, पण बटणफुलं फिकी पडली, कारण त्यांच्या पोटातल्या शेवाळालाही तेच ऊन लागत होतं. कागद काढला. मग तिला नळाच्या पाण्याचा संशय आला. सोलापूरच्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी भराभर उडायचं आणि भर घालावी लागायची. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर आणायला लागली. निंगप्पा शिपाई सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून आणून द्यायचा. फरक पडला नाही. राखून ठेवलेल्या बुधल्यांतलं समुद्राचं पाणी निम्मं बदललं. आठवडाभर बरं दिसलं, आणि मग दुप्पट जोरानं आलं. माशांना ती दोन दिवसांतून एकदा सुकटीची चिमूटभर पूड द्यायची. लिंगायताच्या घरात सुकट नको म्हणून तीही कॉलेजातून पुडीत बांधून आणायची. ती तिनं आठवड्यातून एकदा केली. मासे वाळायला हवे होते. ते गुबगुबीत होत गेले, आणि याचं तिला नवल वाटलं, पण तेवढंच.

पाण्यावर कधीकधी तेलाचा तवंग दिसे. पंपाचं तेल गळत असेल, असं तिला वाटलं. पंप खोलून पुसला. तळाशी करडा गाळ साचायचा. उपटलेलं शेवाळ कुजत असेल, असं वाटलं. नळीनं तोंडानं ओढून गाळ काढताना खारट, आंबूस घोट तोंडात आला आणि ती मोरीवर जाऊन ओकली.

मार्च संपता संपता तिसरं शेवाळ आलं. लालसर-जांभळं, चिकट, चादरीसारखं. बटणफुलांवर ते रात्रीतून पसरायचं, सकाळी त्यावर बारके बुडबुडे चमकायचे, आणि ओढलं की तुकडे होऊन पाणीभर व्हायचं. खोलीला गटारासारखा वास यायला लागला. बाहेर ऊन चाळिशीच्या वर गेलं होतं. ती टाकीच्या काचांना ओली फडकी लावायची. कॉलेजातल्या बायका विचारायच्या, “मॅडम, तुमचा समुद्र कसा आहे?” ती म्हणायची, बरा आहे.

त्या सुमारास कॉलेजचे कुणी जुने संचालक वारले आणि दुसऱ्या तासानंतर कॉलेज सुटलं. महानंदा भर दुपारी घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या अंगणात रंभाबाई भांडी घासत होती.

अप्पा टाकीसमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर ताट. कडक भाकरीचा तुकडा दोन बोटांत चुरून ते पाण्यावर सोडत होते, मग शेंगाचटणीची चिमूट, मग पुन्हा भाकरी. “तिन्न, तिन्न,” ते म्हणत होते. खा, खा. आवाज तिच्या लहानपणीचा, पेढीवरचा. पट्टेरी मासे वर येऊन तोंडं वासत होते. खेकडा दगडावर चढून बसला होता. सगळ्यांना मिळालं असं बघून झाल्यावर अप्पांनी हात पुसला आणि हाक दिली, “रंभाबाई, पाहुण्यांचं झालं. आता मला वाढ.”

महानंदाच्या हातातली पर्स खाली पडली. रंभाबाई धावत आली.

“हे कधीपासून चाललंय?”

“रोजचंच हाय की बाई. दिसातनं चार-पाच बारी. दिलेलं ध्येनात ऱ्हात न्हाय, मग पुन्यांदा. ती जेवली म्हंजी मग ह्ये जेवत्यात.” बाईच्या चेहऱ्याकडे बघून रंभाबाईचा आवाज उतरला. “मला वाटलं तुमाला ठावं हाय. तुमीच की सांगितलं, पाव्हणं हायती म्हून.”

महानंदा खुर्चीवर बसली. पीठ, तेल, शेंगदाणे. कारण सापडलं होतं आणि ते अगदी साधं होतं. तिनं उपटलेला प्रत्येक हिरवा केस अप्पांच्या ताटातनं उगवला होता, आणि अप्पांच्या गालावरचं मांसही त्याच ताटातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टाकीवर काचेचं झाकण बसवून त्याला कडी-कुलूप लावलं. अप्पा भाकरी घेऊन आले. झाकणावर चुरा टाकला. तो काचेवर तसाच राहिला, खालून मासे त्याला तोंडं लावत होते. अप्पांनी झाकण नखांनी खरवडलं, उचलायला बघितलं. “हसदाव,” ते म्हणाले. भुकेलेत. “पाप, हसदाव.” बिचारे भुकेलेत. ताट घेऊन ते किती तरी वेळ उभे राहिले आणि तसंच ताट त्यांनी रंभाबाईच्या हातात दिलं.

तिनं तऱ्हा करून पाहिल्या. पाणी नासवणार नाही अशी शिंपल्यांची भरड एका वाटीत घालून दिली. म्हणाली, “अप्पा, हे द्या त्यांना, हे त्यांचं खाणं आहे.” आणि झाकण उघडलं. अप्पांनी चिमूट सोडली. माशांनी तोंडात घेतली आणि थुंकली. अप्पांनी वाटीतले कण बोटांत चोळून बघितले.

“पाहुण्याला दगड वाढतेस?”

तिनं वाटी काढून घेतली आणि झाकण पुन्हा लावलं.

एप्रिल लागला. अप्पा जेवेनात. दूध ओठाला लावलं तर तेवढं घेत. एकदा ती समोर बसून घास घेऊन विनवत होती, तर ते रंभाबाईकडे वळून हळूच म्हणाले, “ही बाई कोण? हिच्या घरात माणसं उपाशी ठेवतात.” रंभाबाईनं पदर डोळ्याला लावला. महानंदानं घास ताटात परत ठेवला आणि कॉलेजला निघून गेली. ‘पेशी आणि तिची रचना’ शिकवली. संध्याकाळी परतताना पोस्टात गेली आणि तिनं भीमाशंकरला तार केली: अप्पांना महिनाभर घेऊन जा.

तो दुसऱ्याच दिवशी आला.  तीच म्हणाली, “एकदा सर येऊन जाऊ देत. मग आणते मी परत.”

“तू इतकी वर्षं केलंस, अक्का,” तो म्हणाला. “एवढ्यानं काय होतंय.”

अप्पांना वाटलं, सूत खरेदीला निघायचंय. त्यांनी काळा कोट मागितला, टोपी नीट केली, आणि पायरी उतरताना खुशीत तिला म्हणाले, “घर सांभाळ.” रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं बाह्या वर सारल्या.

आता हात चालले. लाल चादर ती नळीनं ओढून काढत गेली. दगड एकेक करून बादलीत घेतले, ब्रशनं घासले. शेवटच्या बुधल्यातलं पाणी वापरलं. माशांना आठ दिवस काही म्हणजे काही दिलं नाही. घरात कुणी बोलत नव्हतं, फक्त पंपाची घरघर. पहिल्यांदा चादर यायची थांबली. मग हिरवे केस आखूड होत गेले, टोकाशी पांढरे पडले. वास गेला. आणि एका सकाळी मधल्या दगडावर, काळवंडलेल्या झुपक्याच्या कडेला, एक बटणफूल उघडलं. मग शेजारचं. तिसऱ्यानं अर्धी झालर बाहेर काढली.

महानंदा टाकीसमोर बसून रडली. आनंदच होता तो. आपल्याला किती दिवसांनी शांत झोप लागतेय, हेही त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, आणि मग रडणं वेगळं झालं.

सर यायला आठवडा असताना, टळटळीत दुपारी रिक्षा दारात थांबली. भीमाशंकरनं अप्पांना उचलूनच आत आणलं. कोट नव्हता, टोपी नव्हती. पायांच्या तळव्यांना फोड आलेले.

“मला जमलं नाही, अक्का.” तो भिंतीशी बसला. “घरात थांबेनात. बायको पोरांच्या मागं, मी कामावर. तीनदा रुळांवर गेले. काल सिग्नलच्या केबिनपलीकडं खडीवर बसलेले सापडले, उन्हात, अनवाणी. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांनी बघितलं म्हणून. खाणं तर नाहीच. तोंडात घातलं की बाहेर काढतात.” त्यानं अप्पांच्या पायांकडे बघितलं. “तुला सर यायचेत म्हणून मी लवकर कळवलं नाही.”

तिनं अप्पांना आंघोळ घातली, फोडांना तेल लावलं, धुतलेला सदरा घातला. मग धरून आणून टाकीसमोर स्टुलावर बसवलं. पाणी स्वच्छ होतं, उन्हात बटणफुलं उघडली होती. पट्टेरी मासे सवयीनं काचेशी आले आणि तोंडं वासून वरखाली करायला लागले.

अप्पा भिंतीकडे बघत राहिले.

“अप्पा,” ती म्हणाली. “पाहुणे आलेत बघा.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजर ओळखीची नव्हती, अनोळखीचीही नव्हती. दमलेली होती. “नी यारव्वा?” त्यांनी विचारलं. तू कोण गं माय?

तिनं किल्ली आणली, कुलूप काढलं, झाकण उचलून भिंतीला टेकवलं. रंभाबाईला म्हणाली, “भाकरी द्या.” कडक भाकरीचा तुकडा अप्पांच्या बोटांत दिला, त्यांचा हात धरून पाण्यावर नेला. “हसदाव, अप्पा. द्या त्यांना.” बोटं उघडली, तुकडा सगळाच्या सगळा पाण्यात पडला. अप्पांनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

मग तिनंच चुरायला घेतली. “असं, अप्पा. असं. बघा कसे खातायत.” चिमूट भाकरीची, चिमूट चटणीची. अप्पांची नजर एकदा तिच्या बोटांवर आली, क्षणभर थांबली, तिला वाटलं आठवलं. आणि सरकून गेली. त्या क्षणाच्या आशेवर तिनं संध्याकाळी पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकली आणि सकाळी, दुपारी, पुन्हा दुपारी. दर वेळी त्यांचं ताट शेजारी तयार ठेवलेलं. “झालं, अप्पा. जेवले ते. आता तुम्ही.” ओठ मिटलेलेच.

“बाई, नगा,” रंभाबाई म्हणाली. “समदं पाणी नासंल की. किती जीव काडला तुमी त्येच्यापायी.”

“नासू दे.”

“आन् तुमचं सर?”

 महानंदा चटणी चुरत राहिली.

पाणी नासायला वेळ लागला नाही. उन्हाळा होताच. आधी ते दुधाळ झालं. समुद्रफूल दगडावरून सुटलं आणि उलटं होऊन तरंगायला लागलं. खेकडा शंख सोडून बाहेर येऊन मेला, त्याचं मऊ मागचं अंग तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुरतं बघितलं. बटणफुलं मिटली ती पुन्हा उघडली नाहीत. त्यांच्यावर लाल चादर आली, तिच्यावर हिरवं, आणि मग आतला दगडही दिसेना. एक मासा सकाळी मेला, दुसरा दोन दिवसांनी. तिनं दोन्ही कागदात गुंडाळून अंगणात पुरले. तेव्हाच अप्पांना खाटेवर निजवावं लागलं, कारण स्टुलावर त्यांचा तोल राहीना.

सर ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं उतरले. सज्जन माणूस. खोलीत शिरताच रुमाल नाकाशी गेला, पण लगेच त्यांनी तो खिशात ठेवला. टाकीजवळ वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं.

“यात भरमसाट अन्न पडलंय,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“लक्षात आलं नाही तुमच्या?”

“आलं होतं.”

 त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खाटेकडे गेलं, चादरीखाली अप्पा दिसतही नव्हते इतके बारीक झाले होते. सर खुर्चीवर बसले. रंभाबाईनं चहा आणला.

“असं होतं,” ते म्हणाले. “पहिली टाकी जातेच. पावसाळ्यानंतर पुन्हा आणा दगड. तुमचं नाव मी चालू ठेवतो. विद्यापीठाला दोन ओळी लिहितो.”

“नको, सर. नाव काढून टाका.”

“घाई करू नका.”

“घाई नाही, सर.” तिनं त्यांचा रिकामा कप घेतला. “मला समुद्राकडे कधी जाता येणार नाही. आणि इथं ते जगत नाहीत.”

त्यांनी आणखी थोडं समजावलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ती त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली, रिक्षा करून दिली. परत येऊन तिनं पंपाचं बटण बंद केलं. इतक्या महिन्यांची घरघर थांबली आणि रस्त्यावरचे आवाज एकदम घरात आले. मग बादलीनं टाकी उपसायला घेतली. मोरीत ते पाणी नुसतं ओतत राहायचं, एवढंच काम. रंभाबाई मदतीला आली तर तिनं नको म्हटलं. दगड गोणपाटात भरून दाराशी ठेवले.

हात साबणानं दोनदा धुतले तरी वास गेला नाही. तसंच तिनं ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील केली, ताक-मीठ घालून ढवळली, निवू दिली. अप्पांच्या मानेखाली हात घालून त्यांना थोडं वर उचललं. चमचा ओठांशी नेला. ओठ उघडले. आंबील आत गेली, थोडा वेळ तिथंच राहिली आणि तोंडाच्या कडेनं हनुवटीवर उतरली. तिनं पदरानं ती पुसली आणि चमचा पुन्हा भरला.